सेन्सर नोडसाठी छोटा, स्वस्त रेडिओ रिसीव्हर डिझाईन करायचाय? मग इथून सुरुवात करा

सेन्सर नोड म्हणजे काय, तर एक छोटा मायक्रोकंट्रोलर, तापमानाचा किंवा ओलाव्याचा एखादा सेन्सर, बॅटरी आणि रेडिओ. यात नवीन माणूस उतरला की पहिला प्रश्न विचारतो "रेंज किती मिळेल?" आणि ते साहजिकच आहे, पण रिसीव्हर डिझाईन करताना त्याच्याही आधी एक प्रश्न येतो, तो म्हणजे हा रिसीव्हर दिवसातून किती वेळ चालू राहणार. ट्रान्समीटरला माहीत असतं आपल्याला कधी बोलायचंय, तो काही मिलिसेकंद पाठवतो आणि झोपतो. रिसीव्हरला मात्र कोण कधी बोलेल याची काहीच कल्पना नसते, त्यामुळे तो कान लावून बसून राहतो, आणि बॅटरी संपते ती या बसून राहण्यातच, पॅकेट घेण्यात नाही. आजच्या स्वस्त रेडिओ चिप्स ऐकताना साधारण १० ते १६ मिलिअँप खातात, मग हवेत सिग्नल असो वा नसो. सीआर२०३२ हा बटण सेल धरला तर त्यात साधारण २२५ मिलिअँप-अवर असतात, म्हणजे १५ मिलिअँपने सतत ऐकायचं म्हटलं तर कागदावरसुद्धा १५ तास. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाहीत कारण हा सेल इतका करंट सलग द्यायला बनलेलाच नाही.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये ऐकण्याच्या वेळेचा हिशोब पहिला आहे, चिप आणि सर्किट त्याच्यानंतर. उलटं केलं तर सुंदर बोर्ड तयार होतो आणि दोन दिवसात बॅटरी मरते.

पायरी १: कधी ऐकायचं ते आधी ठरवा

चार रस्ते आहेत, सोपा सगळ्यात आधी सांगतो.

पहिला रस्ता, नोड स्वतःहून कधीच ऐकत नाही, तो आपलं रीडिंग पाठवतो आणि लगेच त्याच्या मागोमाग थोडा वेळ रिसीव्हर उघडा ठेवतो, गेटवेला (सगळ्या नोडची रीडिंग गोळा करणारा मुख्य रेडिओ) काही सांगायचं असेल तर तेवढ्यात सांगायचं. गेटवे भिंतीच्या वीजपुरवठ्यावर असतो, त्याला सतत ऐकायला काय जातंय. समजा नोड दर १० मिनिटांनी पाठवतो आणि नंतर २० मिलिसेकंद ऐकतो, म्हणजे ६०० सेकंदात ०.०२ सेकंद, म्हणजे तीस हजारात एक भाग. १५ मिलिअँप भागिले ३०,००० म्हणजे सरासरी अर्धा मायक्रोअँप! यापेक्षा जास्त करंट तर बहुतेक मायक्रोकंट्रोलर झोपेत खातात. तुमच्या कामात नोडला आदेश १० मिनिटं उशिरा पोचला तरी चालत असेल तर पुढचे तीन रस्ते वाचायची गरज नाही, हाच घ्या. नवख्यांच्या दहातल्या बहुतेक प्रोजेक्टना हा पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा, ठराविक वेळाने डोकावून बघणे. दर सेकंदाला रिसीव्हर जागा होतो, हवेत काही ऊर्जा आहे का बघतो, नसेल तर परत झोपतो. क्रिस्टल सुरू होणं, फ्रिक्वेन्सी स्थिर होणं आणि सिग्नलची ताकद वाचणं मिळून १.५ मिलिसेकंद धरा, तर सरासरी २२.५ मायक्रोअँप, झोपेचा करंट धरून २४ म्हणू. २२५ मिलिअँप-अवर भागिले ०.०२४ म्हणजे ९३७५ तास, तेरा महिन्यांच्या आसपास. बरं आहे, पण याची किंमत समोरचा भरतो, कारण पाठवणाऱ्याला एक सेकंदापेक्षा लांब प्रिअँबल (डेटाच्या आधीचा ठराविक नमुना) पाठवावा लागतो, नाहीतर झोपलेल्याला कळणार कसं. बर्कलीच्या लोकांनी २००४ मध्ये बी-मॅक नावाच्या प्रोटोकॉलमध्ये ही पद्धत नीट मांडली आणि आजही तिचीच रूपं सगळीकडे दिसतात. एक गोष्ट इथे पाळा, "ऊर्जा आहे" म्हणायची पातळी फार खाली ठेवू नका, नाहीतर शेजारच्या कुठल्यातरी रिमोटने किंवा नुसत्या नॉइजने नोड उगाच जागा होत राहतो आणि वरचा सगळा हिशोब कोसळतो.

तिसरा, दोघांनी घड्याळ जुळवून ठरलेल्या वेळी भेटणे. ऐकायला फार छान वाटतं पण इथे सगळं घड्याळावर आहे. ३२.७६८ किलोहर्ट्झचा घड्याळी क्रिस्टल ±२० पीपीएमचा (दहा लाखात वीस भाग चूक) असतो, दोन्ही बाजू मिळून वाईटात वाईट ४० पीपीएम. दर मिनिटाला भेटायचं ठरलं तर ६० सेकंदात २.४ मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे, म्हणजे तेवढं आधी उघडायचं आणि तेवढं नंतर थांबायचं, ठीक आहे. पण क्रिस्टल वाचवून मायक्रोकंट्रोलरच्या आतला आरसी ऑसिलेटर वापरला तर तो १ टक्का चुकतो, म्हणजे त्याच ६० सेकंदात ६०० मिलिसेकंद! एका छोट्या पार्टची बचत आणि ऐकण्याचा वेळ शेकडो पट वाढला. आणखी एक, हे घड्याळी क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास बरोबर चालतात आणि त्यापासून दूर गेलं की तापमानफरकाच्या वर्गाच्या हिशोबाने मागे पडतात, साधारण ०.०३४ पीपीएम गुणिले फरकाचा वर्ग. उन्हात ५५ अंशांवर तापलेला नोड ३० पीपीएम मागे, आणि सावलीतला जवळपास बरोबर. म्हणून दर पॅकेटला घड्याळ पुन्हा जुळवून घ्या आणि किती घसरतंय ते लक्षात ठेवून पुढच्या वेळी तेवढं आधीच वळवा.

चौथा रस्ता म्हणजे वेगळा वेक-अप रिसीव्हर. अँटेनाला शॉट्की डायोडचा डिटेक्टर, मागे एक मायक्रोअँपमध्ये चालणारं सर्किट, ते सतत ऐकतं आणि ओळखीचा नमुना आला की मोठ्या रेडिओला उठवतं. एक चांगली युक्ती अशी की ८६८ मेगाहर्ट्झचं कॅरिअर (मूळ रेडिओ लाट) १२५ किलोहर्ट्झने चालू-बंद करायचं, डायोडने त्यातला १२५ किलोहर्ट्झ बाहेर काढायचा आणि एएस३९३३ सारख्या चिपला द्यायचा, जी १५ ते १५० किलोहर्ट्झसाठी बनलेली आहे आणि ऐकताना काही मायक्रोअँपच घेते. अडचण संवेदनशीलतेची, असला डिटेक्टर उणे ५० डीबीएमच्या (डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये ताकद) आसपासच ऐकतो, म्हणजे १० डीबीएमने पाठवलं तर मोकळ्या हवेत २५-३० मीटर, बस. खोलीपुरतं काम असेल तर उत्तम, पण पहिल्याच प्रोजेक्टला हे घेऊ नका.

पायरी २: बँड

तुमच्या देशात कुठला परवाना-मुक्त बँड, किती पॉवर, किती टक्के वेळ पाठवायची परवानगी, हे नियमात बघूनच पुढे जा, कारण ४३३, ८६८, ९१५ मेगाहर्ट्झ हे सगळीकडे सारखे खुले नाहीत. २.४ गिगाहर्ट्झ जवळपास सगळीकडे चालतो. मोकळ्या हवेत १०० मीटरला ४३३ मेगाहर्ट्झवर ६५ डीबी घट होते, ८६८ वर ७१, आणि २.४ गिगाहर्ट्झवर ८०. म्हणजे सारखी पॉवर, सारखा रिसीव्हर असताना खालच्या बँडला १५ डीबीचा फायदा. उलट बाजूला अँटेना, पाव तरंगलांबीची तार ४३३ ला १७.३ सेंटीमीटर, ८६८ ला ८.६, आणि २.४ ला जेमतेम ३. काडेपेटीएवढ्या डब्यात ४३३ ची तार दुमडून कोंबली की तो १५ डीबीचा फायदा तिथेच जातो, त्यामुळे छोट्या नोडसाठी मला ८६८/९१५ चा भाग सगळ्यात समतोल वाटतो.

२.४ घेतलाच तर वायफायपासून लांब राहा. वायफायचे १, ६, ११ हे चॅनल नेहमी वापरात असतात, आणि ८०२.१५.४ (झिगबी ज्यावर चालतं ते छोट्या रेडिओंचं मानक) च्या १६ चॅनलपैकी १५, २०, २५ आणि २६ हे त्यांच्या फटीत पडतात.

पायरी ३: संवेदनशीलतेचा हिशोब, एकदा हाताने कराच

सूत्र एवढंच: उणे १७४, अधिक बँडविड्थच्या लॉगची १० पट, अधिक रिसीव्हरचा नॉइज फिगर (तो स्वतः किती नॉइज मिसळतो ते), अधिक डेटा नीट वाचायला लागणारं सिग्नल-नॉइजचं प्रमाण. उणे १७४ डीबीएम हा खोलीच्या तापमानाला प्रत्येक हर्ट्झमागे असणारा उष्णतेचा नॉइज, त्याच्याशी भांडता येत नाही. बाकी तिन्हीवर काम करता येतं, आणि नवखे लोक नेमके नॉइज फिगरच्या मागे लागतात, पुढे आणखी एक अँप्लिफायर लावू का विचारतात, तर खरी सोय बँडविड्थमध्ये असते.

उदाहरण घेऊ. ८६८ मेगाहर्ट्झ, ४.८ केबीपीएस, एफएसके (फ्रिक्वेन्सी वर-खाली सरकवून बिट पाठवणे), डेव्हिएशन, म्हणजे ती किती सरकवायची, ५ किलोहर्ट्झ. सिग्नलला लागणारी बँडविड्थ म्हणजे डेव्हिएशनची दुप्पट अधिक बिटरेट, १४.८ किलोहर्ट्झ. पण दोन्ही बाजूंना २० पीपीएमचे क्रिस्टल असतील तर प्रत्येकी १७.४ किलोहर्ट्झ चूक, दोघे उलट दिशेला गेले तर जवळपास ३५, आणि ते वर किंवा खाली कुठेही असू शकतं म्हणून फिल्टर आणखी ७० ने रुंद ठेवायला लागतो. झाले ८४ किलोहर्ट्झ! म्हणजे ज्यात सिग्नल मावतो त्याच्या साडेपाच पट जागेतला नॉइज आपण आत घेतोय, ७.५ डीबी वाया, मोकळ्या हवेत हे अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त आहे. तेच १० पीपीएमचे क्रिस्टल घेतले तर ५० किलोहर्ट्झमध्ये काम होतं. अँप्लिफायर लावण्यापेक्षा बरा क्रिस्टल घेणं स्वस्त पडतं आणि त्याला करंटही लागत नाही.

सीसी११०१ या रेडिओ चिपमध्ये २६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ५८, ६८, ८१, १०२ अशा ठराविक पायऱ्याच मिळतात, त्यामुळे ८४ हवे असतील तर १०२ ची पायरी घ्यायची. आता उणे १७४ अधिक ५०, अधिक नॉइज फिगर १०, अधिक १० डीबी प्रमाण, उत्तर उणे १०४ डीबीएम. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, शेवटी मोजताना याच्याशीच ताडून बघायचंय.

याच्यासोबत जमिनीचा हिशोब करा, कारण सेन्सर नोड बहुतेक वेळा जमिनीलगत ठेवलेले असतात. जमिनीवरून परतणारी लाट थेट लाटेला खोडते आणि अंतर दहापट झालं की घट २० ऐवजी ४० डीबीने वाढते. ढोबळ मानाने १०० मीटरवर दोन्ही अँटेना ३० सेंटीमीटर उंचीवर असतील तर घट १०१ डीबी, आणि दोन्ही दीड मीटरवर नेल्या तर ७३. अठ्ठावीस डीबी, नुसत्या दोन काठ्यांवर! सर्किटमध्ये कितीही कष्ट घेतले तरी एवढं मिळणार नाही, म्हणून नोड कुठे बसणार हे आधी विचारा.

पायरी ४: कुठल्या प्रकारचा रिसीव्हर

सगळ्यात स्वस्त म्हणजे सुपर-रिजनरेटिव्ह, दोन-तीन ट्रान्झिस्टरचा. एडविन आर्मस्ट्राँगने १९२२ मध्ये शोधलेली ही कल्पना आजही ४३३ मेगाहर्ट्झच्या हिरव्या पट्टीसारख्या स्वस्त मॉड्यूलमध्ये जिवंत आहे. ऑसिलेटर सुरू होण्याच्या काठावर ठेवायचा, सेकंदाला लाखभर वेळा विझवायचा, सिग्नल असला की तो लवकर पेटतो, तेवढ्यावरून डेटा काढायचा. इतक्या कमी पार्टमध्ये एवढी गेन मिळणं ही खरोखर कमाल आहे आणि शिकायला एकदा बनवून बघाच, स्कोपवर ते पेटणं-विझणं बघताना रेडिओ समजतो. पण बँडविड्थ फार रुंद, फ्रिक्वेन्सी तापमानाने सरकते, आणि तो स्वतःच अँटेनातून थोडं पाठवत राहतो त्यामुळे जवळजवळ ठेवलेले दोन असे रिसीव्हर एकमेकांना त्रास देतात. आणि हो, सिग्नल नसताना याच्या डेटा पिनवर नुसता कचरा येत राहतो, ते बिघाडाचं लक्षण नाही, गेन सगळी नॉइजवर लागलेली असते म्हणून तसं दिसतं.

सुपरहेटेरोडाईनही आर्मस्ट्राँगचाच, १९१८ चा. यात आलेली फ्रिक्वेन्सी लोकल ऑसिलेटरशी मिसळून खाली आणतात आणि तिथे अरुंद फिल्टर लावतात. आजच्या चिप्स त्याचंच धाकटं रूप वापरतात, लो-आयएफ, म्हणजे काहीशे किलोहर्ट्झवर आणून फिल्टर चिपच्या आतच, बाहेर मोठा फिल्टर नको. एकदम शून्यावर आणायचीही पद्धत आहे पण तिथे डीसी ऑफसेट आणि कमी फ्रिक्वेन्सीचा नॉइज डोकं खातो, ते चिपवाल्यांवर सोडा.

नोड विकायचे असोत किंवा शेतात, छतावर महिनोन्महिने ठेवायचे असोत, लो-आयएफची तयार ट्रान्सीव्हर चिपच घ्या. सीसी११०१ जुनी आहे पण तिच्याबद्दल माहिती भरपूर, झोपेत २०० नॅनोअँप, आणि तिच्यात स्वतःहून जागं होऊन ऐकायची सोय आहे, म्हणजे पायरी १ मधला दुसरा रस्ता मायक्रोकंट्रोलरला न उठवता. आरएफएम६९ मॉड्यूलमध्ये मॅचिंग आणि क्रिस्टल बसवलेलेच येतात, पहिल्या बोर्डसाठी हे सगळ्यात बरं. एनआरएफ२४एल०१+ २.४ वर चालते, वेगवान आहे, पॅकेट पटकन संपतं म्हणून ऊर्जा कमी लागते, पण २ एमबीपीएसला संवेदनशीलता उणे ८२ च, २५० केबीपीएसला उणे ९४. एसएक्स१२७६ लोरा वापरते आणि किलोमीटरांत बोलते, मात्र सगळ्यात संथ सेटिंगला छोटं पॅकेटसुद्धा हवेत सेकंदाच्या वर राहतं, रोज चार रीडिंग पाठवणाऱ्याला चालेल, दर दहा सेकंदांना पाठवणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

पायरी ५: मॅचिंग

चिपच्या इनपुटचा रोध आणि अँटेनाचे ५० ओहम सहसा जुळत नाहीत. डेटाशीटमधलं सर्किट आहे तसं उचलणं योग्यच, पण ते कशाला आहे ते कळलं पाहिजे म्हणून एक उदाहरण करू. समजा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर ५० ओहमचे २०० ओहम करायचेत. २०० भागिले ५० म्हणजे ४, त्यातून १ वजा, ३, त्याचं वर्गमूळ १.७३, हा क्यू. सिरीजमधली इंडक्टर ५० गुणिले १.७३ म्हणजे ८७ ओहम रिअॅक्टन्सची, या फ्रिक्वेन्सीला ३२ नॅनोहेन्री, बाजारात ३३ मिळते. २०० ओहमच्या बाजूला ग्राउंडकडे कपॅसिटर २०० भागिले १.७३ म्हणजे ११५ ओहमचा, ३.२ पिकोफॅरड, ३.३ लावा. आता लक्षात घ्या, ३.३ पिकोफॅरडच्या ठिकाणी बोर्डवरचा एक रुंद पॅड आणि दोन सेंटीमीटरचा ट्रॅकच एक-दीड पिकोफॅरड घालून जातो. म्हणून हे पार्ट चिपला अगदी चिकटून, ०४०२ किंवा ०६०३ आकारात, आणि कपॅसिटर सी०जी (तापमानाने जवळपास न बदलणाऱ्या) प्रकारचाच. इंडक्टर तारेची गुंडाळलेली असेल तर नुकसान कमी होतं. पुढच्या बाजूला गेलेला प्रत्येक डीबी थेट नॉइज फिगरमध्ये मिळतो, मागच्या गेनने तो परत येत नाही, त्यामुळे अँटेना ते चिप या दोन सेंटीमीटरवर जितकी मेहनत घ्याल तितकी कमी.

क्रिस्टलच्या दोन कपॅसिटरचंही तसंच. १० पिकोफॅरड लोडचा क्रिस्टल आहे म्हणून दोन्हीकडे १० लावले जातात, ते चूक. दोन कपॅसिटर सिरीजमध्ये धरायचे आणि बोर्डचे २-३ पिकोफॅरड त्यात मिळवायचे, म्हणजे प्रत्येकी १४-१६ लागतात. हे चुकलं की वर मेहनतीने काढलेला पीपीएमचा हिशोब आधीच बिघडलेला असतो.

पायरी ६: बोर्ड आणि वीज

दोन थरांचा बोर्ड पुरतो, पण खालचा थर रेडिओच्या खाली अखंड ग्राउंड पाहिजे, त्यातून एकही ट्रॅक नेऊ नका. १.६ मिलिमीटरच्या एफआर४ (बोर्डचं नेहमीचं मटेरियल) वर ५० ओहमचा साधा ट्रॅक ३ मिलिमीटर रुंद होतो, चिपच्या पायांपुढे तो अवाढव्य दिसतो, म्हणून ०.८ चा बोर्ड घ्या किंवा ट्रॅक इतका आखूड ठेवा की रुंदीने फरक पडू नये. सप्लायच्या प्रत्येक पिनला १०० नॅनोफॅरड आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठी १०० पिकोफॅरड, आणि त्यांचं ग्राउंडचं व्हाया (थर जोडणारं भोक) पॅडच्या शेजारीच. एनआरएफ२४ ची मॉड्यूल जोडून काहीच चालत नसेल तर सप्लायवर १० मायक्रोफॅरड लावून बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं.

बटण सेल वापरणार असाल तर त्याचा आतला रोध विसरू नका, जुना होत गेला की तो वाढतो. ३० ओहम धरले तर १५ मिलिअँपला ०.४५ व्होल्ट तिथेच पडतात आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर शेजारी ठेवला तर १.५ मिलिसेकंदाच्या डोकावण्यात व्होल्टेज फार तर ०.२३ ने खाली जातं आणि सेल निवांत तो परत भरतो. मात्र कपॅसिटर कमी गळतीचा बघून घ्या, नाहीतर तोच झोपेच्या करंटपेक्षा जास्त पिऊन टाकेल.

पायरी ७: अँटेना

तार १७.३ ची लागत असेल तर १९ ची कापा आणि मोजत मोजत छाटा. पाव तरंगलांबीच्या तारेला दुसरा अर्धा भाग म्हणून ग्राउंड प्लेन लागतो, नाण्याएवढ्या बोर्डवर तो मिळतच नाही, मग बॅटरीच्या तारा, सेन्सरची केबल, हातात धरलं तर तुमचा हात, सगळं अँटेनाचा भाग होतं. म्हणून टेबलावर हातात धरून घेतलेल्या रेंजवर विश्वास ठेवू नका. तारेच्या खाली-आजूबाजूला तांबं नको, बॅटरी दुसऱ्या टोकाला.

पायरी ८: पॅकेट आणि फर्मवेअर

प्रिअँबल, सिंक वर्ड (पॅकेट इथून सुरू, हे सांगणारी खूण), लांबी, पत्ता, डेटा, सीआरसी (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा), असं साधं पॅकेट. सिंक वर्ड १६ बिटचा ठेवला तर नुसत्या नॉइजमध्येही तो सरासरी ६५,५३६ बिटांत एकदा दिसतो, ३८.४ केबीपीएसला हे झालं दर १.७ सेकंदाला एक खोटं पॅकेट, आणि तो खोटा माल वाचत असताना खरं पॅकेट निघून जातं. ३२ बिटचा ठेवला तर तेच ३१ तासात एकदा. दोन बाइट जास्त पाठवा, सुखी राहाल. डेटात लांबच लांब शून्यं येत असतील तर व्हाइटनिंग (बिट ठराविक पद्धतीने विस्कटून पाठवणे) चालू करा, आणि चालू-बंदवाल्या ओओके मॉड्यूलवर मँचेस्टर कोडिंग (प्रत्येक बिटात एक बदल), कारण तिथला स्लाइसर (शून्य की एक ठरवणारं सर्किट) सरासरीवर चालतो आणि सलग शून्यांनी ती सरासरी सरकते.

रेडिओ ऐकत असताना मायक्रोकंट्रोलरने झोपायचं, सिंक सापडल्यावर इंटरप्टने उठायचं. रेडिओ झोपला की एसपीआयच्या (चिप आणि मायक्रोकंट्रोलर जोडणाऱ्या) लाइन तरंगत ठेवू नका, एखादी तरंगती इनपुट पिन काही दहा मायक्रोअँप खाऊ शकते आणि शोधताना जीव जातो.

पायरी ९: मोजा

आधी करंट. साध्या मल्टीमीटरच्या मायक्रोअँप रेंजवर नोड लावला की रेडिओ उठताच मीटरच्या आतल्या रोधावर व्होल्टेज पडून नोड रीसेट होतो, त्यामुळे १० ओहमचा रोध सिरीजमध्ये लावा आणि स्कोपवर बघा, १५ मिलिअँप म्हणजे १५० मिलिव्होल्ट. तिथे जागा होण्याचा प्रत्येक टप्पा पायऱ्या-पायऱ्यांनी दिसतो, क्रिस्टल किती वेळ घेतोय, ऐकणं किती वेळ, आणि काम संपल्यावर रेडिओ लगेच झोपतोय का उगाच रेंगाळतोय. पायरी १ चा हिशोब इथे खरा-खोटा होतो.

मग कान किती तिखट आहे ते. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा रोध लावा आणि सिग्नल ताकदीची रीडिंग काही मिनिटं घ्या, हा तुमचा तळ. मग अँटेना लावा. तळ १० डीबीने वर आला आणि आजूबाजूला दुसरं काही चालू नसेल तर तो गोंगाट तुमच्याच बोर्डचा आहे. आता डीसी-डीसी कन्व्हर्टर काढून थेट बॅटरी द्या, मायक्रोकंट्रोलरचा क्लॉक बदलून बघा. क्लॉकचं प्रकरण फसवं असतं, आतला ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर घ्या, त्याचा ५४ वा हार्मोनिक ४३२ मेगाहर्ट्झला पडतो, म्हणजे ४३३.९२ पासून लांब, पण तापमानाने ऑसिलेटर अर्धा टक्का जरी वर सरकला तरी तो नेमका आपल्या चॅनलवर येऊन बसतो. सकाळी नीट चालणारा नोड दुपारी बहिरा होतो आणि लोक अँटेनावर संशय घेतात.

शेवटी अॅटेन्युएटर. ट्रान्समीटर झाकणाच्या धातूच्या डब्यात बंद करा, सिग्नल केबलने बाहेर काढा, मध्ये ३०-३० डीबीचे अॅटेन्युएटर, आणि क्रमांक टाकलेली हजार पॅकेट पाठवा. १ टक्का हरवायला लागली की तिथली पातळी ही तुमची संवेदनशीलता. डबा नीट बंद नसेल तर सिग्नल केबल सोडून हवेतून पोचतो आणि खोटा चांगला आकडा मिळतो, अॅटेन्युएटर वाढवूनही काहीच फरक पडत नाहीये असं दिसलं तर हेच कारण. आकडा पायरी ३ च्या उणे १०४ पासून २-३ डीबीत असेल तर बोर्ड छान झालाय, १० डीबी लांब असेल तर मॅचिंग, क्रिस्टलची चूक आणि स्वतःचा गोंगाट या क्रमाने शोधा. फ्रिक्वेन्सीची चूक बघायला आरटीएल-एसडीआरची (कॉम्प्युटरला लावायचा रिसीव्हर) स्वस्त डोंगल चालते, पण आधी माहितीतल्या सिग्नलवर तिची स्वतःची चूक काढून घ्या, आणि ती २.४ पर्यंत पोचत नाही. अँटेना मोजायला नॅनोव्हीएनए (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळते ते दाखवणारं छोटं यंत्र), ४३३ आणि ८६८ साध्या मॉडेलवर होतात, २.४ ला वरचं मॉडेल लागतं.

अँटेनाची अखेरची छाटणी नोड त्याच्या खऱ्या डब्यात, खऱ्या बॅटरीसकट बंद करूनच करा, कारण प्लास्टिक जवळ आलं की तिची फ्रिक्वेन्सी खाली सरकते. आणि मैदानात नेताना प्रत्येक पॅकेटमध्ये दोन जास्तीचे बाइट ठेवा, एक बॅटरीचं व्होल्टेज आणि एक गेटवेचं मागचं उत्तर किती ताकदीने ऐकू आलं ते. पहिल्या आठवड्याच्या त्या आकड्यांवरून कुठला नोड काठीवर चढवायचा आणि कुठला नोड झोपायच्या वेळी जागा राहतोय हे जागेवर न जाता कळतं.